मंजूर पदे रिकामी असताना बढतीची यादी का निघत नाही? (केंद्रीय सशस्त्र पोलीस दले)

प्रश्न : एक हवालदार

मी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांपैकी एका दलात हवालदार आहे. सेवानियम आणि १९६६ चा पोलीस दले (हक्कांवर निर्बंध) अधिनियम यांची मर्यादा पाळायची असल्यामुळे दलाचे, बटालियनचे किंवा कोणत्याही अधिकाऱ्याचे नाव मी येथे लिहिणार नाही. उत्तर देणाऱ्यांनीही तसा अंदाज बांधू नये, ही नम्र विनंती.

२००३ साली मी शिपाई म्हणून भरती झालो आणि २०१६ साली हवालदार झालो. सहायक उपनिरीक्षक पदासाठी लागणारा बढतीपूर्व कोर्स २०२१ मध्ये उत्तीर्ण झालो. वैद्यकीय श्रेणी आजवर शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, आहे, शिक्षा एकही नाही. ज्येष्ठता यादीत माझे नाव ज्या जागी आहे, ते पाहता दोन वर्षांपूर्वीच माझा क्रमांक लागायला हवा होता, असे कंपनीतील जाणकार सांगतात. आमच्या कंपनीत सहायक उपनिरीक्षक आणि उपनिरीक्षक यांची मिळून जेवढी मंजूर पदे आहेत, तेवढी माणसे मी गेल्या चार वर्षांत एकदाही एकत्र पाहिलेली नाहीत. पदे आहेत, पात्र माणसे आहेत, तरीही यादी निघत नाही.

हा प्रश्न मी पगारासाठी विचारत नाही. २०२३ मध्ये वीस वर्षे पूर्ण झाल्यावर सुधारित आश्वासित प्रगती योजनेचा, म्हणजे आम्ही ज्याला एमएसीपी म्हणतो त्याचा, दुसरा लाभ मला मिळाला आणि वेतनस्तर सहायक उपनिरीक्षकाचा झाला. काम आणि खूण मात्र हवालदाराचीच राहिली. त्यातही खरे सांगायचे तर काम हवालदाराचेही राहिलेले नाही. प्लाटूनला उपनिरीक्षक नसल्यामुळे गेली दोन वर्षे प्लाटूनची सगळी जबाबदारी माझ्याकडे आहे. मागच्या निवडणूक बंदोबस्तात आमची अर्धी प्लाटून घेऊन मी एका मतदान केंद्रावर पोहोचलो, तेव्हा तेथील केंद्राध्यक्षांनी माझ्या बाहीवरच्या फिती पाहिल्या आणि अगदी सरळपणे विचारले, "तुमचे इन्चार्ज साहेब मागून येत आहेत का?" त्यांचा दोष नव्हता. मी म्हणालो, "मीच आहे." माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलांनी ते ऐकले. त्या रात्री त्यांच्यापैकी एकाने, ज्याची सेवा जेमतेम सहा वर्षांची आहे, मला विचारले, "उस्ताद, तुमचे बावीस वर्षांत एवढेच झाले, तर आमचे काय होणार?" मला उत्तर देता आले नाही.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पदे रिक्त असूनही बढती नेमकी कोठे अडते? शिस्तीला बाध न आणता मी याबद्दल विचारणा कशी करावी? आणि त्या मुलाला खोटी आशा न दाखवता काय सांगावे?

उत्तर : निवृत्त, आस्थापना शाखा

हवालदार साहेब, मी अशाच एका दलाच्या आस्थापना शाखेत तीस वर्षे बढतीच्या फाइली हाताळल्या. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. ते थोडे लांबेल, कारण बढती एका जागी अडत नाही.

प्रथम 'रिक्त पद' या शब्दाबद्दल बोलू. संसदेत किंवा वर्तमानपत्रात दलाच्या रिक्त पदांचा जो आकडा येतो, तो सर्व दर्जांचा आणि सर्व मार्गांचा एकत्र असतो. त्यातला फार मोठा भाग शिपायांच्या थेट भरतीचा असतो. उपनिरीक्षकाची पदे तर तीन वाटांनी भरली जातात: काही कर्मचारी निवड आयोगाच्या थेट परीक्षेतून, काही मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेतून आणि काही ज्येष्ठतेनुसार बढतीने. थेट भरतीच्या वाट्याचे पद रिकामे असेल, तर ते कितीही वर्षे रिकामे राहिले तरी बढतीच्या वाट्याला आपोआप येत नाही. त्यामुळे कंपनीत तुम्हाला दिसणाऱ्या रिकाम्या खुर्च्यांपैकी काही खुर्च्या तुमच्यासाठी नसतात. शिवाय पद कंपनीत रिकामे दिसते, पण हिशेब संपूर्ण दलाचा होतो. त्या पदावरचा माणूस प्रतिनियुक्तीवर, प्रशिक्षण केंद्रात किंवा दुसऱ्या मुख्यालयात संलग्न असेल, तर कंपनीत तो नसतो आणि कागदावर मात्र पद भरलेले असते. हा फरक आम्ही जवानांना कधी नीट समजावून सांगितला नाही. ती आमच्या शाखेची चूक होती, असे आज मला वाटते.

आता जी पदे खरोखर बढतीच्या वाट्याची आहेत, त्यांचे पाहू. नियम असा आहे की रिक्ती वर्ष सुरू होण्यापूर्वीच त्या वर्षात निवृत्तीने, वरच्या बढतीने किंवा अन्य कारणाने रिकाम्या होणाऱ्या पदांची मोजणी व्हावी, विभागीय पदोन्नती समितीची बैठक व्हावी आणि यादी तयार असावी. पद रिकामे झाले की यादीतला पुढचा माणूस तेथे जावा. कार्मिक विभागाच्या सूचना याबाबत पुरेशा स्पष्ट आहेत. प्रत्यक्षात समितीपुढे कागद ठेवण्यासाठी प्रत्येक पात्र माणसाचे गेल्या काही वर्षांचे वार्षिक अहवाल, दक्षता प्रमाणपत्र, वैद्यकीय श्रेणी, कोर्सचा निकाल आणि सेवापुस्तकातील नोंदी असे सगळे एकाच वेळी पूर्ण असावे लागते. आमची माणसे मात्र दर तीन-चार वर्षांनी बटालियन बदलतात, कंपन्या वर्षभर बंदोबस्तावर फिरतात, अहवाल लिहिणारा अधिकारी बदलून गेलेला असतो. शंभर जणांच्या यादीत पंधरा जणांचे एखाद्या वर्षाचे अहवाल नसले, तर पुष्कळदा त्या पंधरांसाठी शंभरांची बैठक पुढे ढकलली जाते. तसे करण्याची गरज नसते. वर्षाचा अहवाल नसेल तर त्याआधीच्या वर्षाचा अहवाल विचारात घेण्याची तरतूद आहे. पण पुढे कोणी आक्षेप घेईल या भीतीने फाइल 'माहिती पूर्ण करून पुन्हा सादर करावी' असा शेरा घेऊन परत येते. असे शेरे मी स्वतःही लिहिले आहेत.

दुसरे कारण साखळीचे आहे. निरीक्षकांची वरच्या पदाची यादी अडली की निरीक्षकाचे पद रिकामे होत नाही, म्हणून उपनिरीक्षक अडतो, त्याच्यामुळे सहायक उपनिरीक्षक अडतो आणि शेवटी तुम्ही. एका दर्जाच्या ज्येष्ठतेवर न्यायालयात वाद सुरू असेल, तर त्याखालचे तीन दर्जे त्या वादाशी काहीही संबंध नसताना थांबतात. बढतीतील आरक्षणावरच्या खटल्यांमुळेही असाच मोठा खंड पडला होता. जून २०१८ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांच्या आधारे, अंतिम निकालाच्या अधीन राहून, बढत्या पुढे चालू ठेवण्याची सूचना काढली तेव्हा कोठे फाइली हलल्या. त्या काळातील अनुशेष एका वर्षात भरून निघाला नाही.

तिसरे कारण फारसे कोणी बोलून दाखवत नाही. ३१ जानेवारी २०१९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या दलांमध्ये सर्व दर्जांसाठी निवृत्तीचे वय एकच असावे असा निकाल दिला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गृह मंत्रालयाने ते ६० वर्षे केले. त्याआधी केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल, भारत-तिबेट सीमा पोलीस आणि सशस्त्र सीमा बल यांत कमांडंट दर्जापर्यंत ५७ वर्षे हे वय होते. निर्णय न्याय्यच होता. मलाही त्याचा लाभ झाला. पण त्याचा सरळ परिणाम असा की वयोमानानुसार होणाऱ्या निवृत्त्या जवळजवळ तीन वर्षे थांबल्या आणि त्या निवृत्त्यांमुळे खाली सरकणारी पदेही थांबली. ज्यांची बढती नेमकी त्या काळात अपेक्षित होती, त्यांच्यात तुमची तुकडी येते.

यात आणखी एक भर घाला. कारगिलनंतरच्या मंत्रिगटाच्या शिफारशींनुसार अंतर्गत सुरक्षेचा भार केंद्रीय राखीव पोलीस दलाकडे अधिक आला आणि २००० नंतरच्या दशकात नव्या बटालियन उभ्या राहिल्या. एकाच वेळी हजारो शिपाई भरती झाले. ते एकाच वेळी हवालदार व्हायला पात्र होतात, एकाच वेळी पुढच्या पदाला पात्र होतात, आणि वर जागा मात्र मनोऱ्यासारख्या निमुळत्या होत जातात. येथे कोणाचा हलगर्जीपणा नसतो. दलाची रचनाच तशी आहे, आणि तिच्यावर इलाज केवळ वेळेवर होणारा संवर्ग आढावा, म्हणजे कोणत्या दर्जाची किती पदे असावीत याची फेरतपासणी, हाच आहे.

एक काम मात्र आजच करा. आपले सेवापुस्तक पाहण्याची रीतसर परवानगी मागा आणि कोर्सच्या निकालाची नोंद त्यात झाली आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. माझ्या अनुभवात नाव मागे राहिलेल्या दहापैकी तीन-चार प्रकरणांत हेच सापडे: प्रशिक्षण केंद्राचा आदेश जुन्या बटालियनला गेला, आणि माणूस तोवर नव्या बटालियनला पोहोचलेला.

उत्तर : निवृत्त निरीक्षक

वरील उत्तर अचूक आहे. पण तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

सेक्शनला हवालदार, प्लाटूनला उपनिरीक्षक, कंपनीला अधिकारी, ही उतरंड शोभेसाठी ठेवलेली नाही. रात्री गस्तीवर गोळीबार झाला की सेक्शन कमांडर सात-आठ जणांच्या हालचालीकडे पाहतो आणि प्लाटून कमांडर तीन सेक्शन एकमेकांशी जोडून ठेवतो. मधला माणूस नसला की सेक्शन कमांडरलाच दोन्ही कामे करावी लागतात, आणि त्या क्षणी त्याचे स्वतःचे सेक्शन बिनकमांडरचे होते. माझ्या एका कंपनीत असे सलग चौदा महिने चालले. आम्ही निभावून नेले. निभावून नेले म्हणूनच वर कोणाला काही बिघडले आहे असे वाटले नाही, हे मला आजही सलते. रिक्त पदाचा अहवाल दरमहा जात होता, पण त्या पदाचे काम कोण करतो आहे, हा रकाना त्या अहवालात नव्हता.

मनोबल खचते ते कोणत्या क्षणी, हे मी पाहिले आहे. आमच्या कंपनीत एक हवालदार मेजर होते. हजेरीपासून शस्त्रागारापर्यंत सगळे त्यांच्या हातात असे, आणि नव्या मुलांना ते स्वतः बुटाची नाडी कशी बांधायची येथपासून शिकवीत. त्यांची यादी तीन वर्षे लांबली. ते निवृत्त झाले, गावी गेले, आणि त्यानंतर दोन महिन्यांनी यादी निघाली. यादीत त्यांचे नाव होते. नियमच तसा आहे: ज्या वर्षाची रिक्ती, त्या वर्षी सेवेत असलेल्यांची नावे विचारात घ्यावी लागतात, पण बढती मात्र यादी निघण्याच्या वेळी सेवेत असलेल्यालाच मिळते. सूचना फलकावर लावलेल्या त्या कागदापुढे आमची पोरे उभी होती आणि कोणी काही बोलत नव्हते. पुढच्या वर्षभरात त्या कंपनीतून वीस वर्षे पूर्ण झालेल्या चौघांनी स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज दिले. अर्जात चौघांनीही 'घरगुती कारण' असेच लिहिले होते.

संसदेच्या स्थायी समितीपुढे आलेल्या माहितीनुसार २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतून ५०,१५५ जणांनी नोकरी सोडली. ते सगळे बढतीअभावी गेले असे मी म्हणणार नाही. घरापासूनचे अंतर, अपुरी रजा, आई-वडिलांचे आजारपण अशी कारणे मी ऑर्डरली रूममध्ये, म्हणजे जवान अधिकाऱ्यापुढे आपली बाब मांडतो तेथे, स्वतः ऐकली आहेत. परंतु तेवढाच त्रास सोसून जो माणूस थांबतो, तो पुढे काहीतरी दिसते म्हणून थांबतो, इतके मी निश्चित सांगू शकतो.

त्या मुलाला आकडे सांगू नका. तुम्ही त्याला पात्रतेचा रस्ता दाखवा: कोणत्या वर्षी कोणता कोर्स, मर्यादित विभागीय परीक्षेला बसण्यासाठी किती सेवा आणि किती शिक्षण लागते, शेप-वन टिकवण्यासाठी काय सांभाळायचे. सहा वर्षांची सेवा असलेल्या मुलाला विभागीय परीक्षेची वाट उपलब्ध आहे, आणि ज्येष्ठतेच्या रांगेपेक्षा ती पुष्कळ लवकर पुढे नेते. माझ्या हाताखालच्या दोघांना मी रोज संध्याकाळी रोल कॉलनंतर एक तास अभ्यासाला बसवत असे. दोघेही उपनिरीक्षक झाले. त्यांच्यापैकी एकाने पुढे मलाच सॅल्यूट घ्यायला लावला, तो दिवस माझ्या सेवेतला फार चांगला दिवस होता.

उत्तर : एका जवानाची पत्नी

सर्वांना नमस्कार. मी सेवेत नाही, पण या विषयाची एक बाजू घरातली आहे आणि ती येथे कोणी मांडली नाही, म्हणून लिहिते.

माझ्या यजमानांना २०१७ मध्ये बढतीचा आदेश आला होता. बढतीबरोबर बदली होती, ती थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्या वर्षी मोठी मुलगी दहावीला होती आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. मीच त्यांना नकार द्यायला सांगितले. बढती नाकारली की एक वर्षभर पुन्हा विचार होत नाही आणि त्या अवधीत पुढे गेलेले कनिष्ठ ज्येष्ठ ठरतात, एवढे आम्हाला ठाऊक होते. आर्थिक लाभ मिळण्याआधी नियमित बढती नाकारली असेल तर एमएसीपीचा लाभही अडतो, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. ते पुढे वेतन निश्चितीच्या वेळी कळले.

अशा नकारांमुळेही पदे रिकामी राहतात. यादी निघाली, शंभर नावे आली, त्यातील वीस जण गेलेच नाहीत, तर ती वीस पदे पुढच्या यादीपर्यंत तशीच. बढती आणि बदली यांची गाठ थोडी सैल केली, निदान मुलांच्या दहावी-बारावीच्या वर्षी रुजू होण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली, तर दलाचेही नुकसान टळेल असे मला मनापासून वाटते.

आणि हवालदार भाऊ, तुम्ही 'पगारासाठी विचारत नाही' असे लिहिले आहे, ते आम्हाला घरी समजते. गावात लोक पगाराची चिठ्ठी पाहत नाहीत. सुट्टीवर आलेल्या माणसाच्या खांद्याकडे पाहतात. माझे सासरे दर सुट्टीत गणवेशाची पेटी उघडून पाहायचे. विचारायचे नाहीत, फक्त पाहायचे.

उत्तर : वकील, सेवाविषयक प्रकरणे

दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. हा सर्वसाधारण कायदेशीर खुलासा आहे, तुमची कागदपत्रे पाहून दिलेला सल्ला नव्हे.

कायद्याची मूळ स्थिती अशी आहे की बढतीचा हक्क कोणालाच नसतो, पण बढतीसाठी विचार होण्याचा हक्क असतो आणि तो राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ खालील मूलभूत हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या अजित सिंग प्रकरणात हे स्पष्ट केले. त्याचबरोबर पद ज्या दिवशी रिकामे झाले त्या दिवसापासून बढती मिळावी, अशी मागणी टिकत नाही. १९८९ च्या के. के. वडेरा प्रकरणापासून न्यायालयाची भूमिका अशी आहे की बढती प्रत्यक्ष आदेशाच्या तारखेपासून लागू होते. त्यामुळे 'माझी दोन वर्षे परत द्या' असा अर्ज करू नये. 'नियमाप्रमाणे समितीची बैठक घ्यावी आणि माझ्या नावाचा विचार व्हावा' एवढेच मागावे. तुमच्यापेक्षा कनिष्ठ असलेल्या व्यक्तीला बढती मिळाली आणि तुमचे नाव चुकीने वगळले गेले असेल, तर मात्र परिस्थिती बदलते. तेव्हा फेरआढावा समितीची मागणी करता येते आणि कनिष्ठाच्या तारखेपासून मानीव दिनांकही, म्हणजे त्या तारखेलाच बढती झाली असे धरणेही, मिळू शकते. म्हणून आधी तुमच्या खालच्या क्रमांकाचे कोणी पुढे गेले आहे का, हे तपासा. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही.

ज्यांच्याविरुद्ध चौकशी आहे असे सांगून त्यांच्याबद्दलचा समितीचा निर्णय न उघडता सीलबंद लिफाफ्यात ठेवला जातो, त्यांच्यासाठी एक वाक्य: १९९१ च्या जानकीरामन निकालानुसार दोषारोपपत्र निघाल्यानंतरच लिफाफ्याची पद्धत वापरता येते, नुसती प्राथमिक चौकशी किंवा तक्रार पुरेशी नाही. तुम्हाला हे लागू नाही, पण असे प्रश्न माझ्याकडे वारंवार येतात.

मार्गाबद्दल सांगायचे तर अर्ज वैयक्तिक असावा. चार-पाच जणांनी सह्या करून दिलेले सामूहिक निवेदन सशस्त्र दलांत शिस्तभंग समजले जाते, त्या मोहात कोणी पडू नये. ऑर्डरली रूममध्ये किंवा सैनिक संमेलनात आपली वैयक्तिक बाब मांडण्याचा मार्ग खुला आहे. तेथे मांडलेल्या विनंतीची नोंद होते, आणि ती नोंद पुढे उपयोगी पडते. त्यानंतर लेखी निवेदन कंपनी कमांडरमार्फत द्यावे आणि पोहोच घ्यावी. मधल्या पायऱ्या ओलांडून थेट महासंचालकांना किंवा मंत्रालयाला पत्र पाठवू नये.

माहिती अधिकाराचा विचार अनेक जण करतात. २००५ च्या अधिनियमाचे कलम २४ आणि दुसरी अनुसूची यांनुसार ही दले अधिनियमातून वगळलेली आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन यांच्याशी संबंधित माहिती एवढाच त्याला अपवाद आहे. त्या अर्जावर फार विसंबू नका.

न्यायालयात जाण्याची वेळ आलीच, तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाऊ नका. १९८५ चा प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम संघराज्याच्या सशस्त्र दलांच्या सदस्यांना लागू होत नाही. तुमच्यासाठी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय हा मार्ग आहे. बहुतेक वेळा पहिल्या सुनावणीत न्यायालय 'निवेदनावर ठरावीक मुदतीत सकारण निर्णय घ्यावा' असा आदेश देते. वरकरणी तो लहान वाटतो, पण त्याने फाइलला तारीख मिळते. निवेदनांमागून निवेदने देत वर्षे घालवल्याने न्यायालयात जाण्याची मुदत वाढत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २३ मे २०२५ रोजी दिलेला निकाल अनेकांनी वाचला असेल. २०२१ पासून रखडलेला संवर्ग आढावा सहा महिन्यांत करावा आणि महानिरीक्षक दर्जापर्यंतच्या पदांवरील भारतीय पोलीस सेवेच्या प्रतिनियुक्त्या दोन वर्षांच्या आत टप्प्याटप्प्याने कमी कराव्यात, असे त्यात म्हटले होते. त्या निकालाचा आधार हवालदाराच्या बढतीसाठी थेट घेता येणार नाही. परंतु बढतीतील साचलेपणाचा मनोबलावर विपरीत परिणाम होतो, ही गोष्ट त्यात न्यायालयाने विचारात घेतली होती. आजवर या दलांतील जवान हे म्हणत, तेव्हा ती तक्रार समजली जात असे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आस्थापना शाखेतील साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी सेवापुस्तक पाहण्याची परवानगी मागितली आणि काल ते पाहिले. २०१६ च्या बढतीची नोंद आहे, २०१९ च्या पदकाची आहे, २०२३ च्या एमएसीपीची आहे. २०२१ च्या कोर्सची नोंद नाही. निकालाची मूळ प्रत माझ्या पेटीत आहे. त्यावर तेव्हाच्या बटालियनचा पत्ता आहे आणि कोर्स संपल्यावर तिसऱ्याच आठवड्यात माझी बदली झाली होती. कार्यालयातील लिपिक मुन्शीजींनी पुस्तकाचे ते पान दोनदा उलटून पाहिले आणि मग स्वतःच उठून कागद काढला.

नोंदीसाठीचा अर्ज, निकालाची साक्षांकित प्रत जोडून, आज सकाळी कंपनी कमांडर साहेबांकडे दिला. पोहोच घेतली आहे. माझ्यापेक्षा कनिष्ठ कोणी पुढे गेले आहे का, याची यादी पाहतो आहे. दोन नावे तशी वाटतात, पण त्यांची भरतीची तारीख पक्की कळल्याशिवाय येथे काही लिहिणार नाही. वहिनींनी लिहिलेला पेटीचा प्रसंग मी वाचला. आमचे वडीलही तसेच करतात.

त्या मुलाला मी विभागीय परीक्षेचा अभ्यासक्रम आणून दिला. काल रोल कॉलनंतर तो वही घेऊन आला होता, आणि त्याच्याबरोबर आणखी दोघे आले होते. वकील साहेबांना एकच विचारायचे आहे: कोर्सची नोंद उशिराने झाली, आणि त्या उशिरामुळेच माझे नाव समितीपुढे गेले नव्हते असे कागदावर दिसून आले, तर फेरआढाव्याची मागणी नोंद झाल्याच्या तारखेपासून करावी, की कनिष्ठाच्या बढतीच्या तारखेपासून?